माळावर शिकारी पक्षी आहेत का, हे शोधायचं कसं: सातारा-सांगलीसाठी सर्व्हेची पद्धत

"आमच्या माळावर घारी सोडल्या तर काय नाही" हे वाक्य माण-खटावपासून जतपर्यंत कुठंही ऐकायला मिळतं. बोलणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच दिसलेलं नसतं. पण गरुड, ससाणे, भोवत्या (हॅरिअर) ही पाखरं असून दिसत नाहीत. बोनेलीच्या गरुडाच्या एका जोडीला शिकारीसाठी कितीतरी चौरस किलोमीटर लागतात, दिवसातला बराच वेळ ती कड्यावर नाहीतर झाडात गप बसून असते, आणि एकदा हवेत चढली की उघड्या डोळ्याला टिंबसुद्धा दिसत नाही. त्यामुळं चिमण्या-मुनिया मोजतो तसं चालत जाऊन मोजणं इथं चालत नाही. आणि हे "नाही" एकदा कागदावर गेलं की जड जातं, कारण पवनचक्की, सोलर, खाणपट्टा, हाय टेन्शन लाइन असं काही आलं की रिपोर्टमधे "परिसरात शिकारी पक्षी आढळले नाहीत" एवढी एक ओळ पुरते. म्हणून सर्व्हे असा करायचा की आढळलं तर नेमकं काय आढळलं ते सांगता यावं, आणि नाही आढळलं तर त्या "नाही"लाही वजन असावं.

याचं चांगलं उदाहरण आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या भागांची तुलना करणारा अभ्यास 2018 साली नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन या जर्नलमधे आला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चार पटीनं कमी निघाले, त्यामुळं सरडे वाढले आणि सरड्यांचं वागणंही बदललं. हे कळू शकलं कारण दोन्ही बाजूला एकाच पद्धतीनं मोजलं होतं. तुम्ही कितीही छोटा सर्व्हे करत असाल, गावच्या माळापुरता का असेना, ही गोष्ट धरून चाला.

आधी प्रश्न, मग दुर्बीण

घरातनं निघायच्या आधी एका ओळीत लिहा की मला काय शोधायचंय. "माळावर कुठले शिकारी पक्षी येतात" हा एक प्रश्न, "गरुडाचं घरटं आहे का" हा वेगळा, "हिवाळ्यात भोवत्या किती मुक्कामाला असतात" हा तिसरा, आणि तिन्हीची पद्धत, महिना, वेळ सगळं वेगळं आहे. एकाच फेरीत सगळं उरकायला गेलं की कुठलंच धड होत नाही.

महिन्याचा हिशोब असा. भोवत्या, नेपाळी गरुड असे पाहुणे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला यायला लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत जातात, त्यामुळं त्यांच्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. इथंच राहणाऱ्यांची घरटी बघायची तर डिसेंबर ते मे, त्यातही बोनेलीचा गरुड लवकर सुरू करतो, सापमार गरुड आणि तीसा त्याच्या मागनं, आणि शिक्रा पार उन्हाळ्यात. कापशी घारीला तर वर्षभर कधीही पिल्लं असू शकतात, उंदीर मिळाले की झालं.

मग नकाशा. गुगलचा सॅटेलाइट नकाशा उघडून कडे, घळी, ओढ्याकाठची मोठी झाडं, तलाव, टॉवरच्या लाइनी, कचरा डेपो, पोल्ट्रीचा कचरा टाकायच्या जागा हे सगळं मार्क करा आणि त्याची प्रिंट काढून जवळ ठेवा. मोबाइलवर रेषा मारणं उन्हात जमत नाही, कागदावर पेन्सिलीनं पटकन होतं.

सागरेश्वर, चांदोली, कोयना असल्या ठिकाणी वनखात्याची लेखी परवानगी लागते. चांदोली आणि कोयना दोन्ही 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत, तिथं तर परवानगीशिवाय पाऊलसुद्धा टाकायचं नाही. खाजगी माळ असेल तर मालकाला सांगून जा. दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन दोन-तीन अनोळखी माणसं हिंडताना दिसली की लोकांना शंका येणारच.

उंचावर बसून बघणं

ही सगळ्यात महत्त्वाची पद्धत, म्हणून हिच्यावर जास्त लिहितोय. जिथनं बराच मुलूख दिसतो अशी जागा निवडायची आणि तिथं तीन तास बसून राहायचं, बस. पार टोकावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभं राहू नका, थोडं खाली खडकाला टेकून बसा. सूर्य पाठीमागं पाहिजे, नाहीतर सगळी पाखरं काळी दिसतात. एका जागेवरनं साधारण 2 किलोमीटरपर्यंत आणि समोरचं अर्धवर्तुळ एवढंच आपलं क्षेत्र धरा. स्कॉटलंडमधे पवनचक्कीच्या आधीच्या सर्व्हेसाठी जी गाइडलाइन वापरतात तिच्यातही हेच 2 किलोमीटर आणि 180 अंश आहेत, एका बैठकीला जास्तीत जास्त 3 तास आणि एका जागेला सीझनमधे किमान 36 तास. आपल्याला 36 तास जमोत न जमोत, पण एका रविवारी जाऊन निकाल देता येत नाही हे त्या आकड्यावरनं कळतं.

वेळ सकाळी नऊ ते बारा. जमीन तापून गरम हवा वर यायला लागली की मोठे गरुड त्या हवेवर चढतात, त्याच्या आधी ते बसलेले असतात. भल्या सकाळी बसलेले पक्षी शोधायला चांगलं, विशेषतः पावसाळ्यात सर थांबून ऊन पडलं की पंख वाळवायला उघड्या फांदीवर येतात. दुपारी एक ते तीन बघण्यात अर्थ नाही, असतील ते फार उंच असतात.

बघायचं कसं, हे नीट सांगतो कारण इथंच सगळ्यात जास्त निसटतं. दुर्बीण 8×42 किंवा 10×42 असली तर उत्तम. आधी उघड्या डोळ्यानं सगळीकडं एक नजर. मग दुर्बीण क्षितिजाच्या रेषेवर धरून डावीकडनं उजवीकडं सावकाश फिरवत जायचं, टोकाला पोचलं की एक घर (दुर्बिणीत एका वेळी दिसतं तेवढं) वर घेऊन परत उजवीकडनं डावीकडं, मग आणखी एक घर वर. मग एकदा खाली, डोंगराच्या उतारावर, कारण गरुड डोंगराच्या समोरनं उडत असला की आकाशात बघणाऱ्याला तो दिसतच नाही. आणि दर पाच मिनिटांनी डोक्यावर बघायचं. निळ्याशार आकाशात पाखरू सापडणं अवघड असतं, डोळ्याला धरायला काही मिळत नाही, म्हणून ढगाची कड आधी बघा. घारींचा थवा फिरत असेल तर त्यातली एकेक घार तपासा, त्यात वेगळं कोणीतरी असतं बऱ्याचदा.

कानही उघडे ठेवा. कोतवाल आणि कावळे एकदम ओरडत कुणाच्या तरी मागं लागले, खारीनं चिर्र-चिर्र लावली, वस्तीवरच्या कोंबड्या पिल्लांना घेऊन झुडपात पळाल्या, की लगेच वर बघायचं. कोंबडीची नजर आपल्यापेक्षा तयार असते.

एकच पक्षी पाचदा मोजला जाणं हा इथला मोठा धोका. त्यावर साधा नियम, एका वेळी एकत्र जास्तीत जास्त जितके दिसले तोच आकडा. सकाळी एक सापमार, तासाभरानं परत एक सापमार, तर तो एकच धरायचा, एक प्रौढ आणि एक पिल्लू असा फरक स्पष्ट दिसला असेल किंवा एखाद्याच्या पंखातलं पीस तुटलेलं असेल तरच दोन. उड्डाणाची रेषा कागदावर काढून तिच्यावर वेळ लिहिली की संध्याकाळी दोन टीमचे कागद शेजारी ठेवून भांडण मिटतं. उंची सांगायला जवळच्या पवनचक्कीचा किंवा टॉवरचा आधार घ्या, पात्याच्या खाली, पात्याच्या उंचीला, पात्याच्या वर, एवढे तीन भाग पुरतात आणि पवनचक्कीच्या दृष्टीनं तेच कामाचे असतात.

रस्त्यानं जात मोजणं

दहिवडी-म्हसवड, आटपाडी-दिघंची, जत-उमदी असले रस्ते आणि त्यांना लागून असलेले आतले वाडीचे रस्ते याला चांगले. पुणे-बंगळूर हायवेवर हे करू नका, तिथं हळू चालवणं जिवावर येईल. गाडी ताशी 20 ते 30 च्या स्पीडनं, चालवणारा फक्त चालवणार, एक डावीकडं बघणार एक उजवीकडं. मोटरसायकलवर असाल तर बघायचं काम मागच्याचं. पाखरू दिसलं की थांबायचं, ओळखायचं, लिहायचं, दोन-तीन मिनिटांत पुढं. मागं वळून जे दिसेल ते मोजायचं नाही. सुरुवात सूर्योदयानंतर तासा-दीड तासानं आणि अकराच्या आत संपवायचं, आणि पुढच्या वेळी तोच रस्ता उलट्या बाजूनं, म्हणजे एक टोक कायम सकाळी आणि दुसरं कायम उन्हात असं होणार नाही.

लाइटच्या पोलवर खरुची (छोटा ससाणा), कापशी, तीसा, शिक्रा बसलेले सापडतात. बाभळीच्या खालच्या फांदीवर मातकट रंगाचं, गळ्यावर मधोमध काळी रेघ, डोळा पांढरट, असं काही निवांत बसलं असेल तर तो तीसा, गाडी अगदी जवळ गेली तरी उठत नाही. अंतर लिहायचं असेल तर त्या रस्त्यावरच्या दोन पोलमधलं अंतर एकदा टेपनं मोजून ठेवा, मग पुढं पोल मोजून अंदाज करता येतो.

शेवटी आकडा "100 किलोमीटरला इतके" असा मांडायचा. 40 किलोमीटरमधे 8 कापशी, तर 100 ला 20. अंतरावरनं घनता काढायची शास्त्रीय पद्धत आहे, पण तिला एका जातीच्या निदान 60-80 नोंदी लागतात. कापशीच्या तेवढ्या होतील, गरुडाच्या होणार नाहीत, उगाच ओढून-ताणून गणित करू नका.

ऊसपट्ट्यात म्हणजे कराड, वाळवा, पलूस भागात एक गोष्ट आवर्जून लिहा, ती म्हणजे ऊसतोड चालू होती का. तोड सुरू झाली, पाचट पेटलं किंवा ट्रॅक्टरनं नांगरट लागली की उंदीर-नाकतोडे बाहेर पडतात आणि आजूबाजूच्या सगळ्या घारी त्या एका फडावर जमतात. त्या दिवशीचा आकडा बघून "घारी वाढल्या" म्हणणं चुकीचं आणि पंधरा दिवसांनी "घटल्या" म्हणणं पण चुकीचं.

भोवत्यांचा मुक्काम

हे मला सगळ्यात आवडतं. भोवत्या म्हणजे हॅरिअर, हे दिवसभर एकेकटे माळावर फिरतात, गवतापासून हात-दोन हातांवरनं, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून. पण रात्री एकाच गवताळ पट्ट्यात जमिनीवर एकत्र मुक्काम करतात. म्हणजे दिवसा पंचवीस गावांत विखुरलेली पाखरं संध्याकाळी एका जागी मोजता येतात, याहून सोपी मोजणी कुठली.

जागा कशी सापडते, तर दुपारी चारनंतर जो भोवत्या दिसेल तो कुठल्या दिशेनं जातोय ते नकाशावर बाणानं काढत जायचं. दोन-तीन ठिकाणचे बाण जिथं मिळतात तिकडं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थांबायचं. डिसेंबरमधे आपल्याकडं सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर साडेचारलाच जाऊन बसा. पट्ट्यापासून 200-300 मीटर लांब, एखाद्या बांधाच्या आडोशाला, मावळतीकडं तोंड करून, म्हणजे उजेड गेल्यावरही आकाशावर आकार दिसतो. पहिली पाखरं येतात ती लगेच बसत नाहीत, घिरट्या घालतात, बसतात, परत उठतात, म्हणून आत जाणारे वजा बाहेर उठलेले असा हिशोब चालू ठेवायचा. शेवटचे येतात ते सूर्य मावळल्यावर, जवळजवळ अंधारात, आणि तेच सगळ्यात जास्त असू शकतात, तेव्हा अर्धा तास आणखी थांबा. गवतात शिरायचं नाही, टॉर्च मारायचा नाही. खात्री करायची असेल तर पहाटे परत येऊन बाहेर पडणारे मोजा.

नरांची ओळख होते, पांढुरका भोवत्या फिक्कट राखाडी आणि पंखाच्या टोकाला काळी पाचर, माँटेग्यूच्या भोवत्याच्या पंखावर वरनं एक काळी आडवी पट्टी. माद्या आणि पिल्लं अंधारात कुणालाच ओळखू येत नाहीत, तिथं "भोवत्या, मादी किंवा पिल्लू" असं लिहा. अंदाजानं नाव ठोकून दिलेली नोंद नंतर कुणालाच दुरुस्त करता येत नाही.

या मुक्कामाच्या जागा वणव्यात जातात. नवं गवत चांगलं येतं म्हणून माळ पेटवला की त्या वर्षीचा पूर्ण मुक्काम उठतो, म्हणून जागा सापडली की ग्रामपंचायतीला आणि वनरक्षकाला सांगा.

घरटं आणि खुणा

कड्याखाली किंवा झाडाखाली पांढऱ्या शिटेचे ओघळ दिसले तर वर बघा. खाली करड्या गोळ्या सापडतात, केस, हाडं, पिसं न पचलेली असतात ती पक्षी ओकून टाकतो. गोळी फोडून बघितली की उंदराची कवटी, नाकतोड्याचे पाय, सरड्याचे खवले असं काय काय निघतं आणि काय खाल्लं ते कळतं. फोटो काढा, शेजारी पेन ठेवा मापाला. पिसं घरी नेऊ नका, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हे पक्षी संरक्षित आहेत.

धनगर मेंढपाळांना विचारल्याशिवाय माळाचा सर्व्हे पूर्ण होत नाही. पण "आबा, गरुड कोकरू उचलतो का?" असं विचारलं की उत्तर आपणच त्यांच्या तोंडात घातल्यासारखं होतं. मोकळं विचारायचं.

"आबा, मोठं पाखरू कुठं बसलेलं बघता का हो इकडं?"

"त्या वढ्याच्या लिंबावर असतंय की सकाळचं. ऊन झालं की डोंगराकडं जातंय."

"काय धरतंय?"

"सापच. तोंडातनं नुसतं शेपूट लोंबत असतंय, तसंच उडतंय."

संपलं. साप अर्धा गिळून शेपूट चोचीतनं लोंबवत उडणारा म्हणजे सापमार गरुड, आणि एप्रिलमधे असं दिसलं तर तो बहुतेक घरट्यावर पिल्लाला घेऊन चाललाय, कुठल्या दिशेला ते विचारा.

घरटं सापडलं की 200-300 मीटरवरनं दुर्बिणीनं बघायचं, दहा मिनिटांत निघायचं. पक्षी ओरडत डोक्यावर फिरायला लागला म्हणजे तुम्ही फार जवळ आहात. आईबाप उठून गेले की उन्हाळ्याच्या उन्हात अंडं किंवा पिल्लू थोड्या वेळात मरू शकतं, आणि कावळे तेवढ्याच संधीला टपलेले असतात. सापमार आणि तुरेवाला सर्पगरुड वर्षाला एकच अंडं घालतात, ते गेलं की ते वर्ष गेलं. झाडावर चढायचं नाही, ड्रोन उडवायचा नाही, आणि घरट्याचं लोकेशन ग्रुपवर टाकायचं नाही, अगदी मित्रांच्या सुद्धा. घुबडांच्या बाबतीत तर दिवाळीच्या आधी जास्तच सांभाळा, अंधश्रद्धेपायी त्यांची तस्करी होते.

कोयना-चांदोलीच्या दाट झाडीत यातलं बरंच चालत नाही. तिथं समोरची दरी दिसेल अशा कड्यावर नऊ ते अकरा बसा आणि ऐका, तुरेवाला सर्पगरुड वर फिरताना मोठ्यानं शीळ घालतो. काळा गरुड मात्र गप असतो, पंखांची बोटं पसरून झाडांच्या शेंड्यांवरनं अगदी सावकाश तरंगत जातो. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून बोलवायचा प्रकार करू नका, विणीच्या काळात जोडीला त्याचा त्रास होतो.

पवनचक्कीखाली किंवा तारेखाली मेलेला पक्षी सापडला तर हात न लावता फोटो, लोकेशन, टॉवरचा नंबर घ्या आणि वनखात्याच्या 1926 वर कळवा. रिकामं दिसलं म्हणून कोणी मेलं नाही असं मात्र नाही, रात्रीत कुत्री-कोल्ही उचलून नेतात. याचा अंदाज घ्यायला दोन-चार मेलेल्या कोंबड्या ठेवून रोज किती उरल्या ते बघतात, ते करून बघा.

किती वेळा जायचं

समजा गरुड तिथं आहेच, पण तीन तासांच्या एका बैठकीत तो दिसायची शक्यता 30 टक्के आहे. म्हणजे न दिसायची 70. तीनदा जाऊनही नाही दिसला तर 0.7 गुणिले 0.7 गुणिले 0.7, म्हणजे अजून 34 टक्के शक्यता आहे की तो होता आणि तुम्हाला हुकला. पाच वेळा गेलात तर 17 टक्के, आठ वेळा गेलात तर 6 टक्के. आठ फेऱ्यांनंतर "नाही" म्हणायला तोंड आहे, तीनवर नाही. आता ही 30 टक्के तुमच्या भागात, तुमच्या डोळ्याला किती, हे काढायचं तर जिथं घरटं आहे हे पक्कं माहीत आहे अशा ठिकाणी लांबून त्याच पद्धतीनं दहा बैठका करा आणि किती बैठकांत पक्षी दिसला ते मोजा. नवीन माणसाचा आकडा कमी येईल, तोही लिहून ठेवा, प्रत्येकाचा वेगळा असतो.

म्हणूनच रिकाम्या हातानं परत आलेल्या दिवसाचा फॉर्म सगळ्यात जपून भरायचा. तारीख, सुरू आणि संपलेली वेळ, जागा, कोण कोण होतं, वारा कसा, ढग किती, धुकं होतं का, पहिला पक्षी किती मिनिटांनी दिसला, आणि काही नाही तर ठळक शून्य. ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट) टाकत असाल तर वेळ आणि अंतर भरून पूर्ण यादी टाका, फक्त गरुड दिसला तेव्हाचीच एंट्री टाकली तर त्या डेटावरनं पुढं कुणाला काही काढता येत नाही. घरट्याच्या नोंदी तिथं टाकू नका, त्या स्वतःच्या वहीत आणि वनखात्याकडं.

पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात, त्याच जागांवर, त्याच वेळात परत जा, आणि शक्य असेल तर शेजारच्या एका माळावरही, जिथं अजून काही बांधकाम आलेलं नाही.